म्हाडाच्या घरासाठी अर्ज करताना: कायदा, कागद आणि कर्जाचे गणित

म्हाडाच्या मुंबई मंडळाने १४ ऑगस्ट २०२३ रोजी ४,०८२ सदनिकांची सोडत काढली. त्या एकाच यादीत गोरेगावच्या पहाडी भागातले ३० लाख ४४ हजारांचे घर होते आणि ताडदेवचे ७ कोटी ५७ लाखांचेही. अर्ज आले एक लाख वीस हजारांच्या वर. म्हणजे सरसकट धरले तर एका घरामागे जवळपास तीस जण. संगणक कोणाचे नाव काढेल ते आपल्या हातात नाही. पण सोडतीच्या आधी आणि नंतर जे काही करायचे असते ते बहुतेक आपल्याच हातात असते. घर लागूनही ते परत करावे लागलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. दर वेळी अडचण एकतर कागदात होती किंवा पैशांत. म्हणून हा लेख जाहिरात येण्याची वाट पाहणाऱ्यांसाठी नाही, तर आजपासून तयारीला लागणाऱ्यांसाठी आहे.

आधी कायदा काय देतो ते समजून घ्या

महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियम १९७६ चा. त्यातून ५ डिसेंबर १९७७ रोजी म्हाडाची स्थापना झाली आणि आधीची मुंबई व विदर्भ गृहनिर्माण मंडळे तिच्यात आली. आज घरांची विक्री मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती या विभागीय मंडळांमार्फत होते. प्रत्येक मंडळाची सोडत वेगळी निघते. कोणाला घर मिळू शकते, आरक्षण किती, घर कधी विकता येते हे सगळे १९८१ च्या मिळकत व्यवस्थापन विनियमांत आहे. अनुसूचित जातींना ११ टक्के, अनुसूचित जमातींना ६ टक्के, भटक्या आणि विमुक्त जमातींना प्रत्येकी दीड टक्का आरक्षण असते. त्याशिवाय दिव्यांग, माजी सैनिक, स्वातंत्र्यसैनिक, पत्रकार, राज्य शासनाचे कर्मचारी असे आणखी प्रवर्ग आहेत. आपण यांपैकी कशात बसतो का, हे अनेकजण तपासतच नाहीत आणि सर्वसाधारण गटाच्या गर्दीत उभे राहतात.

म्हाडाच्या जाहिरातीतली सगळी घरे म्हाडाने बांधलेली नसतात, हे मात्र नीट लक्षात घ्यावे. ‘२० टक्के सर्वसमावेशक योजना’ असे लिहिलेली घरे खासगी बिल्डरच्या प्रकल्पातली असतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्याने नियम केला की दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करायचे असेल, तर २० टक्के वाटा अत्यल्प व अल्प उत्पन्न गटाच्या लहान घरांसाठी ठेवावा लागेल. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही तो कायम आहे. या घरांची किंमत बिल्डर ठरवत नाही. ती शासनाच्या सूत्राने, रेडी रेकनरमधल्या (शासनाच्या वार्षिक दरपत्रकातल्या) बांधकाम दराच्या आधाराने ठरते. जमिनीचा बाजारभाव ग्राहकावर पडत नसल्याने ठाणे, कल्याण, वसई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक अशा ठिकाणी शेजारच्या इमारतीच्या मानाने ही घरे खूपच स्वस्त पडतात.

माझ्या मते गेल्या काही दशकांत परवडणाऱ्या घरांसाठी राज्याने केलेला हा सगळ्यात उपयोगी नियम आहे. सरकारची स्वतःची जमीन संपत आली तरी शहर वाढते आहे तोवर घरे येत राहतात, आणि कमी पगाराचे कुटुंब शहराच्या कडेला न जाता चांगल्या वस्तीत राहायला येते. त्याची अंमलबजावणी प्रत्येक महापालिकेने काटेकोर केली तर सोडतीतल्या घरांची संख्या कुठल्या कुठे जाईल.

याखेरीज एकात्मिक नगर वसाहतींतली (खासगी विकासकांच्या मोठ्या वसाहतींतली) १५ टक्के घरे असतात, म्हाडाची स्वतःची घरे असतात, पंतप्रधान आवास योजनेतली असतात आणि पुनर्विकासातून म्हाडाला मिळालेली असतात. या शेवटच्या प्रकारातून कधी कधी कोट्यवधींची घरे येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई मंडळाने अशा ३७० घरांच्या किमती उत्पन्न गटानुसार १० ते २५ टक्क्यांनी कमी केल्या. आधीच्या किमती लोकांना झेपणाऱ्या नव्हत्या, हे त्यातून दिसतेच.

पहिली पायरी: आपला उत्पन्न गट

मे २०२२ पासूनच्या मर्यादा वार्षिक कौटुंबिक उत्पन्नावर आहेत. मुंबई, पुणे, नागपूर महानगर प्रदेश आणि दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत अत्यल्प गट ६ लाखांपर्यंत, अल्प गट ९ लाखांपर्यंत आणि मध्यम गट १२ लाखांपर्यंत. त्यावर उच्च गट. उरलेल्या महाराष्ट्रात अत्यल्पसाठी साडेचार लाख, अल्पसाठी साडेसात लाख, मध्यमसाठी १२ लाख.

‘कौटुंबिक’ म्हणजे अर्जदार आणि पती किंवा पत्नी, दोघांचे मिळून. सोबत राहणाऱ्या सासू-सासऱ्यांचे पेन्शन किंवा भावाचा पगार त्यात धरत नाहीत. पण बायको घरी शिवणकाम करून विवरणपत्र भरत असेल तर ते उत्पन्न धरले जाते. कोणत्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न हवे तेही जाहिरातीत असते. इथे गोंधळ ठरलेला: २०२३-२४ मध्ये कमावलेल्या पैशांचे विवरणपत्र ‘निर्धारण वर्ष २०२४-२५’ या नावाने भरले गेले आहे. वर्ष चुकले की अर्ज अडतो.

कमी उत्पन्नाचा अर्जदार वरच्या गटातल्या घरासाठी अर्ज करू शकतो, वरच्या उत्पन्नाचा खालच्या गटात करू शकत नाही. ही मुभा जपून वापरावी. वरच्या गटात गर्दी कमी असते म्हणून अर्ज करायचा आणि घर लागल्यावर पैशांसाठी धावाधाव करायची, हे शहाणपणाचे नाही.

दुसरी पायरी: घर नसल्याची अट दोन ठिकाणी दोन प्रकारची

मुंबई मंडळाच्या साध्या योजनेत अर्जदार, त्याचा जोडीदार किंवा अज्ञान मुले यांच्या नावे बृहन्मुंबईच्या हद्दीत मालकीचे घर नसावे, एवढी अट आहे. गावाकडे, समजा चिपळूणला किंवा पाटणला, वडिलोपार्जित घरात आपला हिस्सा असेल तर तो आड येत नाही. पण जाहिरातीतली योजना पंतप्रधान आवास योजनेची असेल तर देशात कुठेही पक्के घर नसण्याची अट लागते. तेव्हा गावच्या घराच्या उताऱ्यावर आपले नाव असेल तर तेच घर आड येते. जाहिरातीच्या एकाच माहिती पुस्तिकेत दोन पानांच्या अंतरावर या दोन योजना असतात आणि योजनेचा संकेत क्रमांक निवडताना लोक फक्त ठिकाण आणि किंमत पाहतात. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. ते खोटे निघाले तर घर तर जातेच, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो.

तिसरी पायरी: कागद, जाहिरातीच्या आधी

जानेवारी २०२३ पासून म्हाडाने पद्धत बदलली. पूर्वी सोडत आधी निघायची आणि विजेत्यांची पात्रता नंतर तपासली जायची. त्यात वर्षे जायची. आता कागद नोंदणीच्या वेळीच चढवायचे, त्यांची तपासणी आधी, आणि पात्र अर्जच सोडतीत. नोंदणीला मुदत नाही, ती वर्षभर करता येते. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता आजच नोंदणी करून ठेवा.

लागणारे कागद तसे मोजके आहेत: अर्जदार आणि जोडीदार दोघांचे आधार व पॅन, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा, आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचे किंवा त्या प्रवर्गाचे प्रमाणपत्र. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. नुसते वेगळे राहणे पुरत नाही.

यांत वेळ खाते ते अधिवास प्रमाणपत्र. गेल्या वीस वर्षांपैकी सलग पंधरा वर्षे महाराष्ट्रात वास्तव्य हवे, आणि प्रमाणपत्र बारकोड असलेले, नव्या पद्धतीचे हवे. लग्नानंतर राज्यात आलेल्या, किंवा मधली काही वर्षे बेळगाव, इंदूर, बडोद्याला नोकरी केलेल्या मराठी माणसाने हा हिशेब आधी मांडावा. मराठी असणे आणि महाराष्ट्राचा अधिवासी असणे कायद्याच्या लेखी एक नाही. शाळा सोडल्याचा दाखला, जुनी शिधापत्रिका, विजेची बिले गोळा करून सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ वरून अर्ज करा.

मग नावे जुळवा. आधारवर ‘सुनीता’, पॅनवर ‘सुनिता’, लग्नाआधीचे आडनाव एका ठिकाणी, नंतरचे दुसऱ्या ठिकाणी. संगणकाला ही दोन माणसे वाटतात. दुरुस्तीला काही आठवडे लागू शकतात आणि अर्जाची मुदत तुमच्यासाठी थांबत नाही. आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला आहे ना तेही पाहा, कारण सगळे ओटीपी तिथेच येतात.

चौथी पायरी: कर्जाचे गणित

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घरे इथे हातची जातात, म्हणून इथे थोडे थांबू.

अत्यल्प गटाची मर्यादा ६ लाख, म्हणजे महिना ५० हजार. घर ३० लाख ४४ हजारांचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. (३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के, त्यावर ७५ टक्के.) म्हणजे कर्ज साधारण २७ लाख ४० हजार आणि तीन लाख आपले. ९ टक्के व्याजाने, २० वर्षांसाठी, एका लाखामागे हप्ता सुमारे ९०० रुपये. महिन्याला २४,६०० च्या वर. म्हणजे मर्यादेच्या टोकावर कमावणाऱ्या कुटुंबाचाही अर्धा पगार हप्त्यात जातो.

आता महिना ३५ हजार कमावणारे कुटुंब घ्या. तेही अत्यल्प गटातच येते. बँक फार तर निम्मे उत्पन्न हप्त्यासाठी धरते. साडेसतरा हजारांत कर्ज बसते साडेएकोणीस लाखांच्या आसपास. घर ३० लाख ४४ हजारांचेच आहे. उरलेले अकरा लाख कुठून येणार? गट ठरतो कमाल उत्पन्नावर, किंमत मात्र गटातल्या सगळ्यांना एकच. कायद्यातली ही मोठी उणीव आहे आणि तिचा भार सगळ्यात गरीब अर्जदारावर पडतो. उत्पन्नाच्या प्रमाणात किंमत किंवा हप्ता ठरवण्याची सोय झाल्याशिवाय ‘परवडणारे’ हा शब्द या कुटुंबांच्या बाबतीत खरा होणार नाही. तोवर आपल्याला आपल्या ताकदीतली योजना निवडावी लागते. मुंबईत जमत नसेल तर कोकण मंडळाच्या यादीत २० टक्के योजनेतली घरे पाहा.

रिक्षा चालवणारे, घरकाम करणाऱ्या बायका, फेरीवाले यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला म्हाडाला चालतो. बँकेला मात्र बहुधा तो पुरत नाही. तिला दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे आणि खात्यातली उलाढाल हवी असते. त्यामुळे सोडतीत पात्र ठरलेला माणूस बँकेत अपात्र ठरतो. उपाय एकच आहे आणि तो वेळ घेणारा आहे: कर लागत नसला तरी आतापासून दरवर्षी विवरणपत्र भरा, रोजची कमाई खात्यातून फिरवा. गृहवित्त कंपन्या कागद कमी मागतात, पण व्याज जास्त लावतात. शेवटच्या क्षणी त्यांच्याकडे जावे लागू नये. गट गाठण्यासाठी उत्पन्न कमी दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. कमी दाखवलेल्या उत्पन्नावर कर्जही कमीच मिळते.

वरखर्च वेगळा. सवलत नसलेल्या योजनेत मुंबईत मुद्रांक शुल्क एकूण ६ टक्के, घर केवळ स्त्रीच्या नावे असेल तर एक टक्का कमी. नोंदणी शुल्क एक टक्का, फार तर ३० हजार. त्यात भर देखभाल खर्चाची. २० टक्के योजनेत तुमची इमारत मोठ्या प्रकल्पाचा भाग असते. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखे येते, घर लहान असो वा मोठे. लिफ्ट, जनरेटर, बाग यांचा बोजा किती पडेल आणि आपली संस्था वेगळी असेल की मोठ्या इमारतींसोबत एकच, हे अर्जाआधी जागेवर जाऊन विचारा.

केंद्राच्या पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान आहे: उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. पण आवास योजनेच्याच दुसऱ्या घटकातून अनुदानित घर घेतले असेल तर हे मिळत नाही.

पाचवी पायरी: योजना निवडणे आणि अर्ज

जाहिरात आली की माहिती पुस्तिका पूर्ण वाचा. संकेत क्रमांक, चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली जागा), मजले, आपल्या प्रवर्गासाठी नेमकी किती घरे, बांधकाम कुठवर आले, महारेरा (गृहप्रकल्पांचे नियामक प्राधिकरण) क्रमांक. मग जागा पाहायला जा, शक्यतो सकाळी कामाला निघायच्या वेळी. स्टेशन किती लांब, पाणी रोज येते का, जवळ शाळा कोणती. विरार-बोळिंजची हजारो घरे दीर्घकाळ पडून राहिली, त्याचे एक मोठे कारण पाणी होते. सूर्या प्रकल्पाचे पाणी आल्यावर चित्र बदलू लागले. अशी न विकलेली घरे म्हाडा ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ तत्त्वावर देते आणि तिथे अटीही बऱ्याच सैल असतात. ज्यांना भाड्याच्या घरातून लवकर सुटायचे आहे त्यांनी हा मार्ग आधी तपासावा.

अर्ज ऑनलाइनच असतो. २०२३ च्या मुंबई सोडतीत अर्ज शुल्क जीएसटीसह ५९० रुपये होते आणि अनामत रक्कम अत्यल्पसाठी २५ हजार, अल्पसाठी ५० हजार, मध्यमसाठी एक लाख, उच्चसाठी दीड लाख. नाव न लागल्यास अनामत खात्यात परत येते, म्हणून खाते क्रमांक आणि आयएफएससी दोनदा तपासा. खाते अर्जदाराचेच हवे. पैसे शेवटच्या दिवशी भरू नका. आरटीजीएस-एनईएफटीला बँकेची वेळ आड आली तर नंतर कोणी ऐकून घेत नाही.

मग अर्जांची प्रारूप (कच्ची) यादी लागते. अनेकजण ती पाहतच नाहीत. नाव नसेल किंवा प्रवर्ग चुकला असेल तर हरकत घ्यायला तेवढेच दिवस मिळतात. अंतिम यादीनंतर काही होत नाही.

दलालाबद्दल स्पष्ट सांगतो. सोडतीतल्या घरांसाठी म्हाडाने एकही एजंट नेमलेला नाही. ‘कोट्यातून काढून देतो’, ‘साहेबांची ओळख आहे’ म्हणणारा माणूस फसवतोच. संकेतस्थळाचा पत्ता सरकारी, म्हणजे ‘जीओव्ही डॉट इन’ने संपणारा आहे हे पाहूनच पैसे भरा. हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळेही निघालेली आहेत.

सहावी पायरी: नाव लागले, पुढे काय

एसएमएस येतो, ऑनलाइन सूचना पत्र येते. ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन स्वीकृती द्यावी लागते. ती दिली नाही तर घर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाते. मग तात्पुरते देकार पत्र, म्हणजे घर देऊ केल्याचे पत्र. तयार घरात साधारणपणे आधी २५ टक्के आणि मग उरलेले ७५ टक्के भरायचे असतात, दोन्हींना पत्रात मुदत दिलेली असते. बांधकाम सुरू असलेल्या योजनेत टप्पे वेगळे असतात. पहिले २५ टक्के उभे करणे सगळ्यात कठीण, कारण बँक बहुधा आपला वाटा आधी भरायला सांगते. भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढता येते, तिचा अर्ज त्याच आठवड्यात करा. कर्जासाठी म्हाडाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, तेही ताबडतोब मागा. अडचण असेल तर मुदत संपण्याआधी लेखी मुदतवाढ मागा आणि पोच घ्या.

प्रतीक्षा यादीत नाव असेल तर मोबाइल क्रमांक बदलू नका आणि कागद ताजे ठेवा.

ताबा घेण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला अधिकृत परवानगी असल्याचा दाखला) पाहा. घर दिवसा उजेडी तपासा: गळती, नळ, दारे, विजेचे पॉइंट. दोष दिसले तर ताबा घेतानाच लिहून द्या.

हे घर पाच वर्षे विकता येत नाही. पुढे विक्री करायची तर म्हाडाची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागते. पाच वर्षांच्या आत ‘पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी’वर असे घर कोणी देऊ करत असेल तर घेणाऱ्याचेही पैसे बुडू शकतात. ताबा मिळाल्यावर शेवटी रहिवाशांची सहकारी संस्था नोंदवायचे काम उरते. ते लांबले की पाणीपट्टी, मालमत्ता कर आणि देखभालीचे वाद वाढत जातात. ताबा मिळालेल्या शेजाऱ्यांचा गट पहिल्या महिन्यातच करा, एकाने हिशेब सांभाळायचे ठरवा आणि सहकारी संस्था नोंदणीचा प्रस्ताव म्हाडाच्या संबंधित मिळकत व्यवस्थापकाकडे द्या.

मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझे अधिकार’ हे नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरे, ७० हजार कोटींची गुंतवणूक असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यातली किती घरे महिना ३५ हजारांच्या कुटुंबाला झेपतील, हे प्रत्येक जाहिरातीतल्या किमतीच्या रकान्यात तपासत राहा. ती झेपत नसतील तर आमदाराला आणि मंडळाच्या मुख्य अधिकाऱ्यांना आकड्यांसह लेखी कळवा.